खुंटा नसलेले जाते

उर्दीबेहेश्त १९, सन १३४८ फसली (इंग्रजी १९३९चा मार्च). जिंतूर

आज मुन्सिफसाहेबांनी मला आत बोलावले. इतकी वर्षे मी अदालतीबाहेरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. आत बोलावणे यापूर्वी दोनदाच झाले आणि दोन्ही वेळा माझ्या अक्षरासाठी. आज काम निघाले. अमीन आजारी आहे. त्याच्या जागी एका घराची पाहणी करून अहवाल द्यायला माझी नेमणूक झाली. शाळेत न जाता, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून उर्दू शिकलेल्या माणसाची! हे मी फुशारकीने लिहीत नाही. नोंद असावी म्हणून लिहितो.

मामला असा. बोरीचे सावकार व्यंकटराव यांच्याकडे तिथल्या रायभान धनगराचे घर गहाण आहे. मुदत टळली, म्हणून व्यंकटरावांनी कब्जा मागितला. आता मालक घरात नांदत असेल तर नोटीस त्याच्या हातात द्यावी लागते आणि घर सोडवायला त्याला दिवाळीपर्यंत सवड मिळते. पण घर गैरआबाद असेल, म्हणजे मालक ते टाकून निघून गेला असेल, तर नोटीस दाराला चिकटवायची आणि घर तिथल्या तिथे सावकाराच्या हवाली. व्यंकटराव म्हणतात, टाकून गेला. रायभान बायकोसह मेंढरे घेऊन गोदावरीपार कुठेतरी आहे. कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. म्हणजे सगळे माझ्या डोळ्यांवर आले.

साहेब म्हणाले, "माणिकराव, एक दफा बंद दरवाजा देखे तो क्या साबित हुआ? तीन दफा जाव, अलग अलग दिन." मी म्हटले, साहेब, मी भिंतीतली भेगसुद्धा सोडणार नाही.

घरी येऊन बायकोला, मनकर्णेला, सांगितले. बोरी तिचे माहेर. ती चुलीपुढे होती.

"कुणाचं घर म्हनलाव?"

"रायभान धनगराचं."

तिने हातातली काथवट खाली ठेवली. "भिवरीचं?"

मी समजावले की घर नवऱ्याच्या नावे लागते, बायकोच्या नाही, आणि भिवराबाईचे नाव कागदात कुठेच नाही. आजची भाकरी करपली.

उर्दीबेहेश्त २३. बोरी, चावडी

पहिली पाहणी. सासूबाई धुरपताबाई गावातच राहतात, पण मी मुद्दाम चावडीवर उतरलो. अदालतीच्या माणसाने सासुरवाडीच्या भाकरीला मिंधे होऊ नये. व्यंकटरावांनी वाड्यावर चहाला बोलावले, तेही नाकारले. ते हसून म्हणाले, "माणिकराव, चहात काय कायदा बुडतो?" मी म्हटले, कायदा कपातच बुडतो, हंड्यात नाही. त्यांना ते फार आवडले नसावे.

पंच म्हणून पोलीस पाटील चंद्रभान होते. घर धाब्याचे, पांढऱ्या मातीचे. पुढे मोठे अंगण, त्याला मेंढरांसाठी बोरीबाभळीची कुंपाटी. व्यंकटरावांचा डोळा घरावर नसून या अंगणावर असावा. परभणीच्या मोटारीची सडक आता याच बाजूने जाते. दाराला कुलूप नाही, कडीला नुसती सुतळी बांधलेली. आत चूल गार, राख दमट होऊन ढेपेसारखी बसलेली. जमिनीला पोपडे. रांजण कोरडा. देवळीत कोळिष्टक. कोपऱ्यात जाते, वरची तळी जागेवर, पण तिचा खुंटा नाही. खुंट्याच्या भोकात माती. मी टिपले: 'जात्याचा खुंटादेखील उपटून नेलेला. ज्या घरात परत यायचे त्याची अशी दशा कोण करील?'

पाटील खोकले.

"काय पाटील?"

"काय न्हाई. लिव्हा तुमी."

"रायभान परत येणार का?"

"येत्याल की. मिरगाच्या आत येत्यात."

"कशावरून?"

"दरसाली येत्यात."

"दरसाल हा पुरावा नव्हे, पाटील. मी डोळ्यांनी दिसेल तेवढेच लिहितो."

"मग राहिलंच," ते म्हणाले. "मेंढरं काय डोळ्यांनी दिसंनात हितून."

चावडीत ढेकूण फार आहेत.

उर्दीबेहेश्त २६. जिंतूर

आज एक नवल घडले. लग्न झाल्यापासून प्रथमच मनकर्णेने माझ्या कामाची चौकशी केली. जेवण झाल्यावर जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काय काय लिव्हलंय ते वाचा की." मी टिपण वाचून दाखवले. खुंट्यापाशी आल्यावर तिने मला थांबवले.

"खुंटा भिवरीनंच नेलाय."

"तेच लिहिलंय."

"तसं न्हाई हो. धनगराच्या बाया मेंढरामागं निघाल्या की आपल्या जात्याचा खुंटा संगं नेत्यात. परमुलखात दुसरीच्या जात्याला लावून दळत्यात अन् माघारी आल्या की आपल्या जात्यात ठोकत्यात. टाकून जानारी कामून नेईल खुंटा? टाकून जानारी जातं पालथं घालून जाती."

मी तिला शांतपणे विचारले, "याचं कलम कोणतं?"

"कसलं कलम?"

"तेच म्हणतो मी. बायकांच्या समजुतींवर अदालत चालत नाही."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "मग घरात मानूस नांदतंय, हे कशावरनं कळतं तुमाला?"

विचारणारा जाणून घ्यायला विचारतो तेव्हा सांगणाऱ्यालाही हुरूप येतो. मी तिला सगळे उलगडून सांगितले. चुलीत राख असून भागत नाही, राखेत भाकरीचा पापुद्रा सापडला पाहिजे. रांजणात पाणी कुणीही ओतील, पण त्याचे बूड झिरपून खालची माती काळी पडायला दिवस लागतात. आणि सर्वांत मोठी खूण सारवणाची. फसवायला कुणी एक हात फिरवून ठेवला तर मी नखाने ओळखतो. नांदत्या घरात थरावर थर असतात, खालचा उन्हाने पांढरा पडलेला, वरचा ताजा.

"लय बारीक बघता तुमी," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत माझे मोल तिला आज कळले म्हणायचे.

मग म्हणाली, "पुढल्या बारीला मी चार रोज आदी जाते बोरीला. आईला बघून लय दिवस झाले. अन् तुमीबी आईकडंच उतरा, ढेकनं चावून घेन्यात कसली आलीय अदालत?" मी विचार करून होकार दिला. मात्र माझ्या वाटचे पीठ मी बरोबर नेणार.

खुर्दाद ६. बोरी

दुसरी पाहणी. माझा पहिला अंदाज चुकीचा होता. चूक लिहून ठेवायला मी कचरत नाही, कारण ती मीच पकडली, दुसऱ्या कुणी नाही.

अंगण झाडलेले. आत जमीन सारवलेली. मी गुडघ्यांवर बसून नखाने कोपरा खरवडला: वर ताजा थर, खाली वाळून पांढरा पडलेला दुसरा! चुलीत राख मोकळी, कोमट. चाळली तर भाकरीचा करपट पापुद्रा मिळाला. तो कागदात बांधून घेतला. रांजणाचे बूड झिरपून खालची माती काळी. म्हणजे या घरात कुणीतरी नांदते आहे, आणि पहिल्या खेपेला मी अशा दिवशी आलो होतो की ते माणूस बाहेर होते. तीन पाहण्यांमागचा साहेबांचा हेतू आज मला पुरता कळला.

व्यंकटराव दारातच उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला. "हे कुणीतरी करून ठेवलंय, माणिकराव! ओसाड घराला काल-परवा शेण फासलंय."

मी त्यांना थर दाखवला. "एका दिवसात दोन थर वाळत नसतात, सावकार. खोटी खूण कशी असते ते मी ओळखतो."

"मग राहतंय कोण इथं? माणूस दाखवा मला."

मी पाटलांकडे पाहिले. पाटलांनी पागोटे सारखे केले. "येत्यात, जात्यात," ते म्हणाले. "गाव हाय."

कोण राहते हा प्रश्न मलाही पडला, तो येथे प्रामाणिकपणे लिहितो. माणूस दिसले नाही. पण धूर दिसला तर विस्तव पाहायला आत शिरावेच लागते असे नाही. रायभानची कुणी म्हातारी आत्या-मावशी दिवसभर शेतात जात असावी.

एक बारीकशी गोष्ट. सारवताना भिंतीच्या कडेने तीन बोटांची कमान काढलेली आहे, एकीला लागून एक. ही तऱ्हा कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. बोरीकडच्या बायका अशाच सारवत असाव्यात.

सासूबाईंकडे जेवलो. मनकर्णेच्या बोटांची कातडी सोलून निघाली आहे. विचारले तर म्हणाली, "आईचं घर सारवायलेय चार रोज झाले." मी ओसरीकडे पाहिले, पोपडे जसेच्या तसे. लेक राबते आणि घरात फरक म्हणून दिसत नाही. सासूबाईंना तसे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "जावाईबापू, तुमच्या नजरंतून काई सुटत न्हाई बगा." आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. बहुधा लाजल्या.

खुर्दाद १७, अक्षय तृतीया. बोरी

तिसरी पाहणी. दिवस मी मुद्दाम निवडला. आखाजीला प्रत्येक घरात पितरांच्या नावाने पाण्याची घागर मांडतात. जे घर टाकले त्यातल्या पितरांना पाणी कोण देणार? ही कसोटी माझ्या स्वतःच्या डोक्यातून आलेली आहे. परवा बोलता बोलता मनकर्णेपाशी तेवढी बोललो होतो, बाकी कुणापाशी नाही. तेव्हा ती म्हणाली होती, "खरंच की, हे आमच्या ध्यानातच आलं नसतं."

व्यंकटराव या खेपेला स्वतःचे दोन पंच घेऊन आले. पाटील होते. बायकाही अंगणात जमल्या, सासूबाई त्यांत पुढे. मनकर्णा तेवढी दिसली नाही; पहाटेच ओढ्यावर गेल्याचे सांगितले होते.

दार उघडले. देवळीखाली चौरंगाएवढी जागा पोतेऱ्याने पुसलेली, त्यावर मातीची घागर, तोंडावर खरबूज, शेजारी एक कैरी. घागर गळ्यापर्यंत भरलेली. मी पंचांकडे वळून पाहिले. मला काही बोलावे लागले नाही.

पण व्यंकटराव कच्चे नाहीत. ते सरळ कोपऱ्यात गेले आणि जात्यावर काठी आपटली. "चुलीत भाकरीचा तुकडा सापडतो, मग पीठ कुठून येतंय? खुंट्याबिगर जातं फिरतं का? की राख खाऊन राहतंय इथलं माणूस?"

मी कबूल करतो, मुद्दा बिनतोड होता. आजच्या आज हा मुद्दा टिकला असता तर रायभान मेंढरे घेऊन आला असता तो परक्याच्या कुंपणापाशी.

अंगणातून सासूबाई बोलल्या. "सावकार, तुमच्या घरात दळायला बाई येती, म्हून तुमाला ठावं न्हाई. खुंटा भिवरी घिऊन गेलीय. ती येनार म्हून घिऊन गेलीय. दुसरा खुंटा त्या जात्यात घालता येत न्हाई."

"का येत नाही? लाकडाचाच की."

"घरची बाई मेली की मग दुसरीनं घालायचा असतो. जित्या बाईच्या जात्यात कोन घालंल? तुमी घाला बरं तुमच्या हातानं!"

बायका एकदम 'अगं बाई' करून मागे सरल्या. व्यंकटरावांनी जात्यावरची काठी उचलून घेतली. त्यांच्या पंचांतला एकजण तर दारातूनच बाहेर पडला.

हे सगळे भावनेचे झाले. कागदावर येण्याजोगे काही नव्हते. तेव्हा मी विचार केला आणि खुलासा सुचला. विचारले, "शेजारच्या जात्यावर दळून आणता येतं की नाही?"

"येतंय की!" सासूबाई म्हणाल्या. "हेच म्हनायलोत आमी मगापासून."

त्या तसे काहीच म्हणत नव्हत्या, पण असो. मी टिपले: 'पीठ शेजारून दळून आणतात.' खुंट्याची हकीकत लिहून मग खोडली. अहवालात पुराव्याला जागा असते, रूढीला नाही.

मनकर्णा उशिरा परतली. लुगडे गुडघ्यापर्यंत ओले, डोक्यावर घागर ठेवण्याची चुंबळ. घागर मात्र नव्हती. म्हणाली, फुटली.

खुर्दाद २२. जिंतूर

अहवाल दाखल केला. माझ्या हातून आजवर उतरलेले सर्वांत नेटके लिखाण. भाकरीचा पापुद्रा जोडला आहे.

तीर ४. जिंतूर

हुकूम झाला. घर गैरआबाद नाही. नोटीस रायभानच्या हातात द्यावी, घर सोडवायला दिवाळीपर्यंत सवड.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. सारवणाच्या थरांपाशी त्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणाले, "वाह! मगर माणिकराव, घर में रहता कौन है, वोच तो नई लिखे आप."

मी म्हटले, "साहेब, सवाल आबाद आहे की नाही इतकाच होता. कोण राहतो असा नव्हता."

साहेब इतके हसले की पेशकार आत डोकावला. मग सही केली. माझ्या उत्तरातला कायद्याचा नेमकेपणा त्यांना भावला. "आपके घर में सब खैरियत?" असे त्यांनी का विचारले ते कळले नाही. मी म्हटले, खैरियत आहे. कुटुंब माहेराहून परत आले आहे. तर पुन्हा हसले.

मनकर्णेला हुकूम वाचून दाखवला. ती उठून देवापुढे साखर ठेवून आली. नवऱ्याचे यश म्हणजे बायकोला सणच.

तीर २८. बोरी

रायभान आला. नोटीस त्याच्या हातात द्यायला मीच गेलो. अमीन बरा झाला आहे, पण साहेब म्हणाले, सुरुवात तुम्ही केली, शेवटही तुम्हीच करा.

कुंपाटीत मेंढरे कोंडलेली, सगळीकडे धूळ आणि लोकरीचा वास. रायभान उंच, हाडे दिसणारा. त्याने अंगठा उठवला. "दिवाळीच्या आदी सोडवून घेतो, साहेब," म्हणाला. "औंदा कोकरं चांगली हाईत."

मला कुणी साहेब म्हटले हे प्रथमच.

भिवराबाईने घोड्याच्या पाठीवरचे बोचके उतरवले. त्यातून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. खुंटा. बाभळीचा, तळहात लागून लागून वरून काळा गुळगुळीत झालेला. घरात जाऊन तिने जात्याच्या भोकातली माती बोटाने काढली, खुंटा बसवला आणि दगडाने दोनदा ठोकला. घट्ट बसला. तेवढे झाल्यावरच तिने सामान आत घ्यायला सांगितले.

मग ती सारवलेल्या जमिनीकडे पाहत राहिली. भिंतीकडेच्या त्या कमानींवरून तिने हात फिरवला. सासूबाई दारात होत्या. भिवराबाई त्यांच्याकडे पाहून हसली आणि तिने डोळे पुसले. घर वाचले म्हणून असावे.

मी विचारले, "बाई, तुम्ही नसताना घरात कोण राहत होतं?"

ती सासूबाईंकडे बघून म्हणाली, "असतंय साहेब कुनीतरी. देव हाय."

अमरदाद ५. जिंतूर

आज माझ्या सचोटीची परीक्षा झाली. दुपारी रायभान आणि भिवराबाई दारात. भिवराबाईच्या खांद्यावर नवी घोंगडी, काळीभोर, काठाला पांढरी पट्टी. मी घडी पाहूनच ओळखले. म्हटले, "हे चालायचं नाही. अदालतीच्या कामाबद्दल मी सुपारीसुद्धा घेत नाही."

भिवराबाई म्हणाली, "मनकर्णा कुठं हाय?"

"विहिरीवर गेलीय. तिच्या आडून देऊ नका, तिलाही चालायचं नाही."

"न्हाई पर साहेब..."

"पण नाही नि बीण नाही. घरात लाच शिरली की लक्ष्मी जाते." जरा मोठ्यानेच बोललो, शेजाऱ्यांनाही कळावे हा हेतू होता. रायभानने बायकोचा हात धरला. दोघे मान खाली घालून गेले.

मनकर्णा पाणी घेऊन आली तेव्हा मी घडलेली हकीकत सांगितली. तिने हंडा जमिनीवर ठेवला, ठेवला म्हणजे आदळलाच.

"ते तुमाला नव्हतं," ती म्हणाली.

"मग कुणाला?"

ती म्हणाली, "एवढं बारीक बघता तुमी. बगा की."

मला अर्थ लागला नाही.

अमरदाद ८. जिंतूर

मनकर्णा माहेरी गेली. सांगून गेली, पण कधी येणार ते बोलली नाही. मीही विचारले नाही. ज्याने काही चूक केली नाही त्याने का विचारावे?

अमरदाद १९. जिंतूर

नोंद करण्याजोगे काही नाही. भात करपला.

अमरदाद २४. जिंतूर

साहेबांनी अमिनाच्या हाताखाली मला कायम नेमण्याची शिफारस केली. ही बातमी सांगायला घरात कोणी नव्हते.

बसल्या बसल्या नजर फिरली. चूल गार, राख दमट होऊन ढेपेसारखी बसलेली. रांजण कोरडा. देवळीत कोळी. दाराशी पाऊल टाकले की जमिनीचे पोपडे चुरचुरतात. मी दुसऱ्याच्या घरात हे पाहिले असते तर काय लिहिले असते ते मला माहीत आहे. मी ते लिहिले होते, पहिल्याच खेपेला.

पोपडे पडले तरी भिंतीच्या कडेचे जुने सारवण शिल्लक आहे. त्यात तीन बोटांची कमान काढलेली, एकीला लागून एक, सबंध घरभर. मी कंदील खाली धरून पाहिले. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहिले. याबद्दल येथे मी काही लिहीत नाही. आजवर या वहीत मी काही वगळलेले नाही, हे पहिले.

नंतर भूक लागली. डब्यात पीठ नव्हते. पुरुषाने दळू नये असे कुठल्या कलमात नाही, म्हणून ज्वारीची पाटी घेऊन जात्यापाशी बसलो, तो हाताला खुंटा लागेना. आधी वाटले, उंदराने कुरतडून पडला असेल. मागे पाहिले, पाटीखाली पाहिले. मग चोरी वाटली, आणि लगेच हसू आले. खुंटा कोण चोरील?

भोकात बोट घातले. माती नव्हती. भोक पुसून खुंटा नेला होता.

उद्यासाठी बैलांची दमणी सांगितली आहे. वाटेत रायभानच्या दारावरून जाईन. ती घोंगडी त्यांनी अजून कुणाला दिली नसेल तर मागून घेईन, आणि जिची आहे तिच्या हातात देईन.

आजची पाहणी: चूल गार. रांजण कोरडा. सारवण निघालेले. जात्याला खुंटा नाही. सबब, घर आबाद आहे.